काट्रेलची जाळी

"काळा रंग मारून द्या. पटकन."

दुकानात काम करणाऱ्या बाकुलीनं मानसुद्धा वर केली नाही. "रंगवाला पलीकडच्या गल्लीत. इथे रंग मारत नाहीत."

"मग काय मारता… माशा?"

आता तिनं वर पाहिलं. अंतानानारिव्होच्या त्या गल्लीत, जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांच्या सड्यात एक टॅक्सीवाला उभा होता, हातात काट्रेल गाडीची पुढची प्लास्टिकची जाळी. गाडी आईबापांच्या वयाची, आणि जाळी उन्हानं पांढरीफटक. वर तेल, तेलावर लाल माती.

"शेंगदाण्याचं तेल कुणी चोपडलं?"

"मीच. लग्नाची वर्दी होती, चमकायला हवी ना!"

"आणि धुळीनं वरात काढली."

तिनं जाळी साबणानं धुतली, कोरडी केली आणि हीटगन धरली. गरम हवा जाईल तिथलं पांढरं विरत गेलं, खालून काळाभोर रंग वर आला. तो बघतच राहिला.

"हा… आला कुठून?"

"आतच होता. उन्हानं फक्त वरचं कातडं मरतं. मात्र हात हलता ठेवावा लागतो, थांबला की वितळलंच."

त्याचं नाव त्सिरी. दुसऱ्या दिवशी तो आरशाची चौकट घेऊन आला, तिसऱ्या दिवशी दाराची मूठ. येताना तांदळाचे गरम, आप्प्यांसारखे मोफोही आणायचा, कागदात गुंडाळून. बाराव्या दिवशी त्यानं आणखी एक मूठ आणली. हीटगन चालू करून तिनं ती उलटीपालटी केली.

"अहो ड्रायव्हरसाहेब, ही तर बसची आहे!"

"हो… म्हणजे… माझी गाडी संपली. स्टँडवरचे म्हणाले, जा बाबा, आता आमच्या गाड्यांचं ने."

बाकुली खळखळून हसली, हात थांबला, आणि बसची मूठ वितळून खाली लोंबली. बारा वर्षांत तिच्या हातून असं पहिल्यांदाच झालं. वितळलेल्या मुठीकडे बघता बघता काय ते दोघांनाही कळलं.

गावाला कळायला मात्र आठवडाही लागला नाही. बाकुलीचं घराणं जुन्या सरदारांचं. त्सिरीचा खापरपणजा असल्याच कुणा सरदाराकडे गुलाम होता. झालं! भर दुपारी बाकुलीचे काका दुकानात येऊन गरजले, समोर त्सिरी मोफो घेऊन उभा असतानाच.

"याच्याशी लग्न केलंस तर आपल्या थडग्यात तुला जागा नाही! पूर्वजांच्या शेजारी निजायचं नाही तुला, समजलं? तुझी हाडं उघड्यावर पडतील!"

सगळी गल्ली दारांत येऊन उभी राहिली. अंतानानारिव्होत याहून मोठा शाप नाही. बाकुलीलाही तो लागला, खोटं कशाला सांगा. त्या थडग्यात तिचे वडील होते.

तिनं हीटगन बंद केली.

"काका, तिथे गेलात की बाबांना माझा नमस्कार सांगा. मेल्यावरची जागा तुमची तुम्हाला लखलाभ. मी जिवंतपणीची बघते."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या! बारा वर्षं लोकांच्या गाड्यांचा गेलेला रंग मी परत आणते. माणसाचा रंग ओळखायला मला कुणाची परवानगी नको."

ती तरातरा जाऊन काट्रेलमध्ये पुढच्या सीटवर बसली. काच खाली, कोपर बाहेर, साऱ्या गल्लीला दिसेल असं. त्सिरी धावत येऊन चाकामागे बसला, पण किल्ली काही त्याला फिरवता येईना.

"बाकुली… विचार कर. आमचं थडगं डोंगरापलीकडे, खेड्यात. दगडाचंही नाही, मातीचं. आणि एवढंसं. आजोबा, आजी, तीन काका… फार दाटी होईल गं."

तिनं त्याच्या हातातला मोफो घेतला, अर्धा मोडला, अर्धा त्याच्या तोंडात कोंबला.

"मग थोडा सरकून झोप. आता गाडी काढ, आणि काकांच्या दारावरून ने."