शेवटची ओळ रिकामी

वेबसाइट बिघडते तेव्हा दोष बहुतेक वेळा माणसाचाच असतो. लोक व्हॉट्सअॅपवरचा मजकूर उचलून तसाच चिकटवतात, त्याबरोबर न दिसणारी चिन्हं येतात आणि वाचताना यंत्रणेला ठेच लागते. तांदळातले खडे वेचावेत तशी ती वेचून काढायची, हा माझा धंदा, आणि मला तो मनापासून आवडतो. तुंगार्लीच्या बंगल्यात मी आणि आई दोघंच. आजूबाजूचे बंगले शनिवार-रविवार सोडले तर कुलपात. बोलायला माणूस नाही, ही आईची रोजची तक्रार. मी स्क्रीनवरून नजर न काढता हूं म्हणायचो.

माझं एक गिऱ्हाईक, कैलास, यानं कंपनीतली नोकरी सोडून पवनानगरजवळ, धरणाच्या काठी तंबू टाकले होते. रविवारी उद्घाटन आणि बुकिंगचं पान उघडेना. नोकरी तर सोडली, आता हेही फसलं तर तोंड दाखवायला जागा नाही, असं तो म्हणत होता. यंत्रणा एकच चूक दाखवत होती: पहिली ओळ रिकामी आहे, पुढचं वाचता येत नाही. पहिली ओळ तर डोळ्यांसमोर होती. मी ती पुसून नव्यानं टाइप केली, सगळा मजकूर चाळला, खडा काही सापडेना. शेवटी लॅपटॉप घेऊन त्याचं घर गाठलं.

त्याची आई, शालूबाई, भाकऱ्या थापत होत्या. अडचण ऐकून त्यांनी लेकाला एवढंच विचारलं, "पयलं आवतान दिलंस का?"

कैलास खाली बघायला लागला. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असलं की पहिलं आमंत्रण त्या गावाला. काठावर सुपारी-अक्षता ठेवून यायचं. ऑनलाइनच्या नादात तो ते साफ विसरला होता. तो सुपारी घेऊन काठाकडे पळाला. शालूमावशींचं मन राखावं म्हणून मीही पानाच्या अगदी वर, त्यांनी सांगितलं ते लिहिलं: 'खालच्या घरांनी आधी यावं.'

पान उघडलं.

कुठलंतरी चिन्ह त्या धक्क्यानं सरकलं असणार. मी फार खोलात शिरलो नाही, कारण कैलासचा फोन वाजायला लागला होता आणि माझ्यापुढे गरम पिठलं-भाकरी होती. रविवारी सगळे तंबू भरले. त्याला इतकं खुशीत बघून मलाही बरं वाटलं.

सोमवारी पान पुन्हा बंद. आता चूक वेगळी होती: शेवटची ओळ रिकामी आहे.

मी मावशींना फोन लावला. हसत हसतच.

त्या हसल्या नाहीत. "बोलावल्यालं माणूस निरोप दिल्याबिगर उठत न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या सुपारीचा निरोप आमी दिला. तुमचं आवतान तुमी लिवलं व्हतं. त्यो तुमालाच द्यावा लागंल."

मी शेवटच्या ओळीत लिहिलं: 'आता सुखरूप आपापल्या घरी जावं.'

पान उघडेना. पुन्हा लिहिलं. उघडेना.

बाहेर व्हरांड्यात आई हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. दारात गेलो. झोपाळ्यावर ती एका कडेला बसली होती, शेजारी जागा सोडून.

"कोणाशी बोलतेस?"

"अरे, कालपासून आल्यात या. पवनेकडच्या. तूच बोलावलंस म्हणे." ती त्या मोकळ्या जागेकडे वळली. "हा घाई करतोय का? तुम्ही बसा हो निवांत."

फोन वाजला. कैलास.

"श्रीयश सर, पान कधी चालू होईल? शनिवारची लोकं खोळंबलीत."

मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"थोडे दिवस लागतील," मी म्हणालो.

झोपाळ्याजवळच्या स्टुलावर दोन कप होते. बोलण्याच्या नादात आई चहा प्यायची विसरली होती. दुसरा कप रिकामा होता.