उतरत्या बाजारातली ओळख

वांग्यांचा तो शेवटचा वाटा होता आणि त्यावर एकाच वेळी दोन हात पडले.

एक हात विशाखाचा. दुसरा एका अनोळखी तरुणाचा... नखांत मशीनचं काळं तेल मुरलेला.

वाळूजजवळच्या रांजणगावचा आठवडी बाजार उठायला आला होता. भाद्रपदातली भुरभुर पडत होती, आणि पाटीवर टांगलेल्या बॅटरीच्या दिव्याभोवती ती जरीसारखी चमकत होती. वाळूजच्या कंपन्यांत काम करणारी माणसं बाजाराला येतात ती याच वेळी. दिवसभर ताठ असलेले भाव आता उतरतात. भाजीवाल्यांना घरी जायचं असतं. मग ते तराजू बाजूला ठेवून उरलेल्या भाजीचे वाटे लावतात. वाटा म्हणजे लहानसा ढीग. तो आहे तसा उचलायचा. त्यातलं निवडायचं नाही, तो मोडून मागायचा नाही.

“भाऊ, मी आधी हात लावलाय,” विशाखा म्हणाली.

“नाय ताई. तुमचा हात माझ्या हातावर हाय. बघा ना.”

विशाखाने पाहिलं. खरंच तसं होतं! तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“काय ते लवकर ठरवा रे,” भाजीवाली मनकर्णाबाई पाट्या आवरत म्हणाली. “वाटा मी मोडायची नाय. मला गाडी गाठायचीय.”

“निम्मा-निम्मा करू?” त्याने विचारलं.

दोघांनी मिळून पैसे दिले आणि तिथंच उकिडवं बसून वांगी वाटून घेतली. शेवटी एक उरलं. त्याने ते तिच्या पिशवीत टाकलं.

“उपकार नकोत,” विशाखा म्हणाली.

“उपकार कसले? किडकं हाय ते.”

ती हसली. खोलीवर जाऊन तिने ते वांगं चिरलं... आत किडा नव्हताच. विळीसमोर ती उगाचच थोडा वेळ बसून राहिली.

पुढच्या बाजारालाही तो मनकर्णाबाईच्या ताडपत्रीच्या पालापाशी उभा होता. त्याचं नाव सम्यक, गाव फुलंब्री. एका कंपनीत पत्रा कापायच्या मशीनवर तो कंत्राटी कामगार होता. विशाखा दुसऱ्या कंपनीत गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायची, तीही कंत्राटीच. मग दर आठवड्याला दोघं मिळून वाटे घेऊ लागली. मोठा वाटा स्वस्त पडायचा, आणि एकट्याला तो संपायचा नाही. कोथिंबिरीची जुडी सोडून निम्मी करायची, भोपळा मधोमध कापायचा. हिरव्या मिरच्या तो नेहमी तिलाच जास्त द्यायचा.

“मी एवढी तिखट वाटते का तुला?”

“वाटत नाय. हायेसच.”

‘भाऊ’ म्हणणं कधी बंद झालं, ते विशाखाच्याही लक्षात आलं नाही. ‘तुम्ही’ही त्याच्या मागोमाग गेलं.

त्या गप्पांत हसू असलं, तरी दिवस हसण्याचे नव्हते. विशाखाचा पगार कामाला लागल्यापासून होता तिथंच होता. तेल वाढलं, डाळ वाढली, गॅस वाढला, घरमालकाने भाडं वाढवलं. एवढ्या सगळ्यांत पगार तेवढा आपल्या जागेवरून हलला नाही. तिने आधी चहातलं दूध बंद केलं. मग कंपनीत रिक्षाने जाणं सोडलं आणि ती सकाळी लवकर निघून पायी जाऊ लागली. खोलीतली सोबतीण भागेना म्हणून गावी परतली, तेव्हा सगळं भाडं विशाखाच्या एकटीच्या अंगावर आलं. तिची आई पारूबाई लासूर स्टेशनला मोंढ्यात, म्हणजे तिथल्या अडत बाजारात, कांदे निवडायला जायची. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, “दिवाळीपर्यंत बघ. नाय भागलं तर घरी ये. स्थळं यायला लागलीत.”

विशाखाला परतायचं नव्हतं. आपल्या कष्टाने उभं राहायचं होतं, आणि... दर आठवड्याला मनकर्णाबाईच्या पालापाशी जायचं होतं.

एका संध्याकाळी बाजार करून दोघं टपरीवर थांबली. एक चहा, दोन पेले. सम्यक आज पेल्याच्या काठावरून बोट फिरवत होता.

“विशाखा... एक बोलू?”

“बोल की.”

“मी लई विचार केला. तू एकटी खोलीचं भाडं भरतेस. मीही तिकडं पोरांच्या खोलीत हिस्सा देतो. तुझा सिलिंडर वेगळा, माझा वेगळा. दोन ठिकाणी दोनदा चूल कशाला पेटवायची? आपण लग्न केलं ना... तर लई वाचंल.”

विशाखाच्या हातातला पेला तसाच राहिला. हा शब्द तिने मनात किती वेळा ऐकला होता! कधी पावसात, कधी कंपनीच्या वाटेवर. आणि आज तो आला, तर काटकसरीची पिशवी खांद्याला लावून आला.

“तुला लग्न करायचंय, की सिलिंडर वाचवायचाय?”

“म्हणजे... दोन्ही—”

“मग जो सिलिंडर आणून देतो ना, त्याच्याशीच कर.”

ती उठून चालू लागली. मागून त्याने दोनदा हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही, कारण डोळे भरले होते आणि ते त्याला दिसायला नको होते.

रोज, प्रत्येक गोष्टीत, ‘यात काय वाचेल?’ एवढंच विचारायची सवय लागलेला माणूस प्रेमाचंही तसंच बोलून गेला, हे तिला नंतर कळलं. पण कळलं म्हणून दुखायचं थांबलं नाही. पुढच्या बाजाराला ती गेलीच नाही.

त्याच आठवड्यात लाईनवरच्या बायकांनी ठरवलं, पगारवाढीचं विचारायचं. विचारायचं कोणी, म्हटल्यावर सगळ्यांनी विशाखाकडे पाहिलं.

“महागाई काय मी वाढवली का, बाई?” कंत्राटदाराचा माणूस म्हणाला.

“नाय साहेब. पण काम तर तुम्हीच वाढवलंय. आधी बांधायचो त्याच्यापेक्षा किती जास्त जुड्या बांधून घेता. मग पगार तेवढाच कसा?”

त्याने फक्त तिचं नाव वहीत टिपून घेतलं. दोन दिवसांनी विशाखाला ब्रेक मिळाला. कंत्राटी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नको, लागलीस तर बोलवू’ असं सांगतात, त्याला ब्रेक म्हणतात. रागाचा शब्द नाही, कागद नाही. फक्त गेटवर आत सोडत नाहीत.

तिने खोली रिकामी केली. भांडी पोत्यात भरली आणि सकाळी फाट्यावर लासूरच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये जाऊन बसली. सम्यकला तिने काही कळवलं नाही. पण लाईनवरच्या मोनिकाला दोघांचं ठाऊक होतं, तिला राहवलं नाही. तिने त्याला फोन केला.

“एक सीट! एक सीट लासूर!” ड्रायव्हर ओरडत होता. जीप भरल्याशिवाय तो हलणार नव्हता.

तेवढ्यात सम्यक धापा टाकत आला. अंगात कंपनीचा शर्ट होता, केस भुरभुरीने ओले झाले होते. तो खिडकीशी उभा राहिला.

“तू ड्युटीवर नाय?” तिने विचारलं. तो कधीच खाडा करत नसे. ताप असला तरी जायचा.

“नाय गेलो.”

जीपमधले सगळे कान खिडकीकडे लागले होते.

“मी त्या दिवशी चुकीचं बोललो,” सम्यक म्हणाला.

“व्हय.”

“आता तर वाचायचं काहीच उरलं नाय. तुला काम नाय. माझा पगार हाय तेवढाच. लग्न केलं तर अजून ओढाताण होणार... तरी आलोय.”

“कशाला?”

त्याने मान खाली घातली. “मला नीट सांगता येत नाय. दिवसभरात काही घडलं ना, मशीन बंद पडली, कुणी काही गमतीचं बोललं... की वाटतं, हे विशाखाला सांगायचं. या आठवड्यात लई साठलंय गं. सांगायला कुणीच नाय.”

विशाखाने पदराचं टोक उगाच बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

मागच्या सीटवरची म्हातारी खाकरली. “पोरी, हो म्हण नायतर नाय म्हण. पण गाडी हलू दे. कमर गेली माझी.”

गाडीत हशा पिकला. सम्यक लाजला, पण मागे सरला नाही. उलट पुढे होऊन त्याने जीपचा दरवाजा उघडला आणि रिकाम्या जागेवर बसला.

“झाली फुल!” ड्रायव्हरने खूश होऊन चावी फिरवली.

“अरे, उतर!” विशाखा पुटपुटली. “दोघं एका गाडीतून उतरलो तर सगळ्या मोंढ्यात बोभाटा होईल.”

“मग काय करू?”

तिने विचार केला. जीप आता डांबरी रस्त्याला लागली होती, दोन्हीकडे कपाशी ओली होऊन उभी होती.

“लासूरच्या अलीकडं फाटा आहे. तिथं उतर आणि सावकाश चालत ये. तोवर मी आईशी बोलते.”

“काय बोलशील?”

“ते मलाच अजून माहीत नाय,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

पारूबाई दारात बसून मोंढ्यातून आणलेले डागी कांदे चिरत होती. पोरीचं पोतं पाहून तिने नुसती सरकून जागा केली. विशाखाने कामाचं सांगितलं. मग अडखळत सम्यकचं सांगितलं.

“पगार किती हाय त्याला?”

“मला होता तेवढाच.”

“वाढंल का?”

“सांगता येत नाय.”

“मग पोरी... भागायचं कसं?”

विशाखा हळूच म्हणाली, “आई, कसं भागंल ते मला माहीत नाय. पण नाय भागलं, तर त्या दिवशी कोण जवळ पाहिजे... तेवढं माहीत आहे.”

पारूबाईचा हात विळीवर थांबला. कांद्याने म्हणा, आणखी कशाने म्हणा, तिने डोळ्यांना पदर लावला. बाहेर भिजलेल्या शर्टातला एक तरुण गल्लीच्या तोंडाशी उभा राहून पाणी भरणाऱ्या बायकांना काहीतरी विचारत होता. बायका भलत्याच घराकडे हात दाखवत होत्या.

पारूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, उंबऱ्यावर आली आणि तिने जोरात हाक दिली—

“तिकडं नाय रे बाबा! इकडं... हे निळं दार!”