पाठीवरचं बोट

डॉक्टरांना ऐकू येत नव्हतं, आणि साऱ्या गावात हे एकाच बाईला ठाऊक होतं. ती बाई म्हणजे गावची सुईण. आता तुम्ही म्हणाल, उतारवयात कान गेला तर त्यात लपवायचं काय? अहो, पण छातीला नळी लावणाऱ्याचाच कान गेला तर त्याच्या दारात जाणार कोण? म्हणून डॉक्टर नळी गळ्यात मिरवायचे, समोरच्याचे ओठ वाचायचे, आणि काही कळलं नाही की खोकायचे. खोकला मात्र अगदी ऐटीत.

सुईणबाईनं आठ दिवसांत ओळखलं. बोलली नाही कुणाला. पुढच्या बाळंतपणाला, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी तिनं सरळ स्वतःच्या कानाला लावली आणि दुसऱ्या हाताचं बोट डॉक्टरांच्या पाठीवर ठेवलं. ठोका पडला की बोट टेकवायचं. डॉक्टर घड्याळाकडे बघून मोजायचे आणि आकडा असा सांगायचे, जणू स्वतःच्या कानानं ऐकला. लोकांना वाटायचं, शहरातली नवी पद्धत असेल. पंधरा वर्षं ही जोडी अशी चालली.

बाई होती वात्रट. दवाखान्यात एखादा धट्टाकट्टा गडी तपासायला आला की त्याची नाडी धरून पाठीवर बोट असं थुईथुई नाचवायची, की डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि त्यांचं तोंड बघून गड्याचं. मग ही कोपऱ्यात जाऊन हसणार. पण बाळंतिणीच्या खाटेपाशी तिनं कधी थट्टा केली नाही. तिथं बोट म्हणजे बोट.

थंडी सुरू झाली आणि बाई तापानं गेली. डॉक्टर उशाशी बसून होते. शेवटी ती काहीतरी बोलली, पण ओठ इतके कमी हलले की त्यांना वाचताच आलं नाही.

महिनाभरानं सुतार बोलवायला आला. दुपार झाली होती, पण धुकं काही हटलं नव्हतं. डॉक्टर पिशवी घेऊन निघाले. आधीच कानात कापूस कोंबल्यासारखं, त्यात डोळ्यांपुढेही कापूस. सुतार पुढे चालत काहीतरी सांगत होता, आणि त्याची पाठ वाचता येत नव्हती.

सुताराची बायको आदल्या दिवसापासून अडली होती. खोलीची खिडकी थंडीसाठी बंद केलेली, म्हणून भरदुपारी दिवा. ओल्या लाकडाचा आणि घामाचा वास. सासू पायथ्याशी दिवा धरून, नणंद उशाशी डोकं मांडीवर घेऊन. डॉक्टर सोडले तर चौथं माणूस नव्हतं. डॉक्टरांनी स्वतःच दाराला आतून कडी घातली.

सासू दिवा घेऊन जवळ सरकली, आणि उजेड तिच्या ओठांवर पडला. बहुतेक सुनेनं ऐकू नये म्हणून हळू बोलत असावी, पण डॉक्टरांना काय, हळू काय आणि मोठ्यानं काय.

"सकाळपासून हालचाल नाही. आहे ना हो बाळ...?"

इथंच सगळं अडलं होतं. बाळ जिवंत असेल तर चिमट्यानं, जपून, धीर धरून ओढायचं. गेलं असेल तर त्याचा विचार सोडून आईला मोकळं करायचं, आणि त्याचं हत्यार निराळं. दोन्ही पिशवीत होती. शहर तीन तासांवर, आणि त्या पोरीत तासाभराचंही बळ उरलं नव्हतं.

डॉक्टर वाकले. लाकडी नळी पोटाला लावली, कान टेकला. काही नाही. नळी हलवली. काही नाही. आत शांतता होती की ती आपल्याच कानातली होती, हे सांगायला कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण हे लपवलं ते चुकलं. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं...

आणि उजव्या खांद्याखाली बोट टेकलं.

वास आला कार्बोलिक साबणाचा. बाई हात धुवायची तोच.

डॉक्टर हलले नाहीत. समोर दोघी होत्या. त्यांनी दोघींचे चारही हात मोजले. मागे भिंत होती. बोट भराभर टेकत होतं. त्यांनी घड्याळ काढलं. पाव मिनिटात पस्तीस.

"आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात डाव्या खांद्याखाली दुसरं बोट टेकू लागलं, वेगळ्याच चालीनं. डॉक्टरांना शंका आली. वात्रटपणा तर नाही? मग आठवलं, की आपण कुठं उभे आहोत. बाळंतिणीची खाट. इथं नाही.

त्यांनी चिमटा उचलला. "दोन आहेत," म्हणाले. "दुपटं आणखी एक लागेल."

संध्याकाळच्या आत दोन्ही पोरं बाहेर आली. रडली म्हणे अशी, की सुतारानं अंगणातून दार ठोठावलं. डॉक्टरांना दिसली ती फक्त दोन उघडी लालबुंद तोंडं. आई डोळे मिटून हसत होती. सासू म्हणाली, "तुमच्या कानाला काय म्हणावं, डॉक्टर!" डॉक्टर खोकले.

निघताना त्यांनी सुताराला सोबत येऊ दिलं नाही. धुकं तसंच होतं. अर्ध्या वाटेवर त्यांनी मागे न बघता म्हटलं, "बाई, उपकार झाले."

बोट पुन्हा टेकलं. या खेपेला मधोमध, आणि सावकाश. एक... दोन... तीन... मग खंड. पुन्हा एक... दोन...

डॉक्टर थांबले. स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. तीच चाल. तोच खंड. त्यांना हसू आलं.

"पुरे आता थट्टा," ते म्हणाले. इथं काही बाळंतिणीची खाट नव्हती. रस्त्यावर थट्टा चालत होती तिला.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की बोट आधी टेकतंय आणि नाडी मागून येतेय. खंडसुद्धा आधी पाठीवर पडतोय, मग मनगटात.

बोट थांबलं.

डॉक्टरांनी घड्याळ डोळ्यांजवळ धरलं, मनगटावरची बोटं घट्ट केली, आणि धुक्यात वाट बघत उभे राहिले.