शेवटी मोकळी ठेवलेली जागा

रॉस्कोच्या पत्राला लेम्युएलने उत्तर दिलं नाही, तिथून हे सुरू होतं. हे खरं घडलंय. लेम्युएल खोटं बोलायलाही लाजतो. आजही तो बर्फात चालताना मध्येच थांबून कान देतो.

डेट्रॉईट. फेब्रुवारीतला मंगळवार.

रॉस्को त्याचा जिवलग मित्र. रिकाम्या गोदामांतल्या नाचांत तबकड्या वाजवायचा; एक संपत आली की दुसरीचा ठोका तिच्याशी जुळवून, नाच न थांबवता. पस्तीस वर्षांपूर्वी त्याने लिहिलं होतं, 'लेम, पुस्तकांतून डोकं काढ. स्वतःची एक तरी धून बनवून पाठव. तिच्या शेपटाला माझी जोडतो.'

आपल्याला काय जमणार, म्हणून उत्तर राहिलं.

त्याच हिवाळ्यात रॉस्को वारला.

आता लायब्ररीतून निवृत्त झालेला लेम्युएल, बहात्तराव्या वर्षी, चर्चच्या तळघरात संगणकावर नाचाचं संगीत रचायला शिकत होता. एकच धून पुरी करायची होती. तेवढंच देणं फेडायचं होतं. पण अंगात त्राण नव्हतं. सहा आठवडे तोच पंधरा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून तो धून लांबवत होता.

"काका, लायब्ररीचं कपाट भरताय का?" शिकवणारी केटूरा हसली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं कोंबलंय!"

"रिकामं ठेवायची भीती वाटते गं."

"अहो, शेवटी नुसता ठोका ठेवा. पुढच्या वाजवणाऱ्याला आपली तबकडी जोडायला जागा नको? दार लावून घेतलंत, तर तो येणार कुठून?"

मंगळवारी दुपारी, घरी, त्याने शेवटातला एकेक आवाज काढून टाकला. शेवटचं एक मिनिट फक्त ठोका उरला.

ठक. ठक. ठक. ठक.

आणि मग...

दुसरा ठोका.

किंचित मागे.

त्याने बंद केलं. शांतता. पडद्यावर ठोक्याची एकच ओळ होती.

पुन्हा लावलं.

तो आला. मागून, रेंगाळत... हळूहळू जवळ सरकत... कुणीतरी तबकडी बोटाने पुढे ढकलावी तसा.

रॉस्को असाच जोडायचा. नेहमी मागून.

दोन्ही ठोके एक झाले.

दुसऱ्या दिवशी केटूराने ऐकलं. "एकच तर ठोका आहे, काका. थकलात तुम्ही. झोपा जरा."

तिचा पाय मात्र टेबलाखाली हलत होता...

मागून येणाऱ्या त्या दुसऱ्या ठोक्यावर.

घरी येऊन त्याने उत्तर लिहिलं. 'रॉस्को, उशीर झाला. धून पाठवतोय. शेवट मोकळा ठेवलाय.' पेन ड्राइव्ह पाकिटात घातला. पत्ता रॉस्कोचा जुनाच टाकला. ते घर कधीच पाडलंय, तिथे नुसतं गवत वाढतं, हे त्याला ठाऊक होतं.

टपालपेटी कोपऱ्यावर. बर्फ पायाखाली कर्र... कर्र... वाजत होता.

आणि मागे...

आणखी एक पाऊल. किंचित उशिरा.

तो वळला नाही. चालत राहिला.

कोपरा येईस्तोवर दोन्ही पावलं जुळली होती.

तो पेटीपाशी थांबला.

कर्र.

एक जास्तीचं वाजलं. अगदी पाठीशी.

लेम्युएलने झाकण उचललं, आणि मागे न बघता पाकीट आत सोडलं.