धुक्यातली तीन वर्तुळं

चार्वीच्या घड्याळाच्या मते ती या क्षणी तळ्याच्या मधोमध उभी होती. पायाखाली मात्र खडखडीत कोरडा कातळ होता, आणि तळं तिकडे लांब, उतारावर चमकत होतं.

"आबा, मी बुडाले," तिने जाहीर केलं.

"असं का? मग येताना दोन मासे घेऊन ये," म्हसोबाच्या दगडाला टेकून बसलेले आबा म्हणाले. त्यांच्या डोक्यावर माकडटोपी होती आणि गुडघ्यावर कागदाचा नकाशा. सगळ्या जगाने नकाशे मनगटावर बांधले, तरी आबांनी कागद सोडला नव्हता. हे आबा म्हणजे आईचे वडील. दिशादर्शक उपग्रहांच्या केंद्रात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं, आणि उपग्रहांबद्दल ते सख्ख्या नातवंडांसारखं बोलत.

सहामाही परीक्षा संपली होती. बाबांना सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून आई, आबा, अकरा वर्षांची चार्वी आणि सहा वर्षांची जुई असे चौघंच वाणसोळ्याच्या सड्यावर आले होते. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट पठार. पाऊस सरला होता आणि गवत माणसाच्या डोक्यापर्यंत वाढून पिवळंधमक झालं होतं. पाचवा होता गोटू, भोपळ्याएवढा गोल यंत्रमानव. तो गडगडत चाले, डबे वाहून नेई आणि नको तिथे माहिती पुरवी.

आले होते ते जिओकॅशिंगसाठी. जगभरातले हौशी लोक कुठेकुठे छोटे डबे लपवून ठेवतात आणि त्यांचे अक्षांश-रेखांश (पृथ्वीवरच्या जागेचा आकड्यांतला पत्ता) जाहीर करतात. आपण तो पत्ता घेऊन जायचं, डबा हुडकायचा, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, आणि होता तसा परत लपवून ठेवायचा. आबा याला 'उपग्रहांचा डबा ऐसपैस' म्हणत. सड्यावरचा हा डबा अजून कुणालाच सापडलेला नव्हता. पहिलं नाव आपलं लागावं म्हणून चार्वीचा जीव नुसता वरखाली होत होता, आणि घड्याळ तिला तळ्यात ढकलत होतं.

"माझं म्हणतंय, मी पलीकडच्या डोंगरावर आहे," आई हसत म्हणाली.

"घड्याळं बिचारी बरोबर आहेत. गडबड वर झाली आहे," आबा म्हणाले. "काल सूर्यावरून एक दांडगं सौरवादळ निघालं. सौरवादळ म्हणजे सूर्याने अंतराळात फेकलेला विद्युतभारित कणांचा लोंढा. त्याने आपलं आयनांबर (हवेचा अगदी वरचा, विजेने भारलेला थर) ढवळून काढलं. आता उपग्रहाचा संदेश त्या थरातून येताना रेंगाळतो, वेडावाकडा होतो."

"रेंगाळला तर रेंगाळू दे. थोडा उशिरा पोचेल. पण मी तळ्यात कशी जाते?"

"कारण सगळी गंमत त्या उशिराचीच आहे. उपग्रह फक्त एवढंच सांगतो, 'मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले.' तुझं घड्याळ बघतं, हा निरोप यायला किती वेळ लागला. निरोपाचा वेग ठाऊक आहे, तो उजेडाच्या वेगाने येतो. वेगाला वेळेनं गुणलं की..."

"अंतर."

"बरोबर. वेळ चुकली की अंतर चुकलं आणि अंतर चुकलं की तू पाण्यात."

चार्वीला हे अर्धं कळलं. उपग्रह किती लांब आहे ते समजलं, म्हणून आपण कुठे आहोत ते कसं समजणार? ती विचारणार, तेवढ्यात जुईने तिची बाही ओढली.

"ताई, खेळू या ना. डबा ऐसपैस. खरा, आपला."

"आत्ता नको गं."

"तू मघाशी पण असंच म्हणालीस."

चार्वी वैतागली. "बरं बाई. जा, लप. माझ्यावर राज्य."

जुई गोटूला घेऊन पळाली. चार्वीने दहापर्यंतसुद्धा मोजलं नाही. तिने सरळ डोकं नकाशात खुपसलं. पीडा टळली, असं तिच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा.

डोकं वर काढलं तेव्हा तळं दिसत नव्हतं. गवतही दिसत नव्हतं. दरीतून धुकं वर चढलं होतं आणि सडा कापसात गुंडाळल्यासारखा झाला होता. म्हसोबाचा दगड आणि पायाखालची पाऊलवाट सोडली तर जग संपलं होतं.

"जुई कुठे आहे?" आईने विचारलं.

चार्वीच्या तोंडचं पाणी पळालं. सड्याच्या उत्तरेला कडा होता. गवत थेट कड्यापर्यंत वाढलेलं, आणि पुढे नुसती खोल दरी.

त्यांनी हाका मारल्या. आईने मारल्या, आबांनी मारल्या, चार्वीने घसा बसेपर्यंत मारल्या. उत्तर आलं नाही. यायचंच नव्हतं, कारण या घरात डबा ऐसपैस खेळताना हाकेला ओ देणारा मूर्ख ठरत असे. ही शिकवण आबांचीच. राज्य आलं की ते अंगणात उभे राहून ओरडत, "अगं बाई, गरम जिलबी आली, चला लवकर," आणि पोरं बाहेर आली की एकेकाला टिपत. दोनदा फसल्यावर जुईने कानाला खडा लावला होता. आता प्रत्यक्ष आईचा आवाज रडवेला झाला, तरी तिला ती जिलबीच वाटणार.

"माझ्याच कर्माची फळं," आबा पुटपुटले. त्यांनी घड्याळातून गोटूला बोलावलं. गोटू मुका. जुईने त्याला 'गप्प, कुणाशी बोलायचं नाही' असं बजावलं असणार, आणि त्याने आज्ञाधारकपणे आपला रेडिओ बंद केला असणार.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. *टण्.* आणि मागोमाग *टण्... टण्...* असे त्याचेच फिकट भाऊबंद.

"गोटू!" आई डावीकडे धावली. आबा उजवीकडे वळले. चार्वीला वाटलं, आवाज समोरून आला. तिघंही थबकली. पलीकडच्या डोंगरावर आपटून आवाज परतत होता आणि सगळीकडून आल्यासारखा वाटत होता.

हा टण् म्हणजे गोटूची सुरक्षेची घंटा, धुकं दाटलं की आपोआप सुरू होणारी. दर मिनिटाला, मिनिटाच्या ठोक्यावर वाजणारी. ती बंद करणं जुईच्याच काय, गोटूच्याही हातात नव्हतं. चार्वी घड्याळाकडे बघत उभी राहिली. पुढचं मिनिट भरलं. टण् झाला नाही. मग झाला.

"आबा, सकाळी आपल्या तिघांची घड्याळं गोटूशी जुळवली होती ना?"

"हो. का गं?"

"मग टण् उशिरा का आला? मिनिटावर यायला हवा होता. विजेचं होतं तसं झालं. लखलखाट आधी, गडगडाट नंतर. म्हणजे त्या वेळात आवाज वाटेत होता. चालत होता." तिने मनगट पुढे केलं. "आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. घड्याळाला कान आहे, त्याला विचारू या नेमका किती उशीर झाला."

घड्याळाने पुढचा टण् टिपला. उशीर बरोबर एक सेकंद.

"पण पहिलाच टण् धरायचा," आबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात धार आली होती. "पहिला सरळ आलेला असतो. मागचे सगळे डोंगराला वळसा घालून आलेले, त्यांच्यावर विश्वास नाही."

"म्हणजे जुई तीनशे चाळीस मीटरवर आहे," आई म्हणाली. "पण कुठल्या बाजूला?"

चार्वीने नकाशा दगडावर पसरला. आबांच्या माकडटोपीची लोकर एका बाजूने सुटलेली होती. तिने लांबसा धागा ओढला आणि त्याला पेन्सिल बांधली. नकाशाच्या मापाने तीनशे चाळीस मीटर धरून तिने म्हसोबाभोवती वर्तुळ काढलं. "या वर्तुळावर कुठेही. म्हणून एक अंतर पुरत नाही. दुसरीकडून ऐकायला हवं. आई, तू पाऊलवाटेने गाडीपाशी जा. आबा, तुम्ही होकायंत्र घेऊन तळ्यावर. मी इथेच थांबते. या तिन्ही जागा नकाशावर आहेत."

आबांनी मान डोलावली. मग ते काठी टेकत निघाले. आई तर निघालीच होती.

धुक्यात एकटं बसणं चार्वीला फार जड गेलं. दर टण्ला तिला बरं वाटे, की गोटू अजून आहे, आणि लगेच भीती वाटे, की जुई त्याच्याजवळच असेल ना? मघाशी खरोखर शोधायला गेले असते तर, हा विचार ती दूर लोटत होती आणि तो परत येऊन बसत होता.

घड्याळातून आईचा आवाज आला. "गाडीपाशी पोचले. दोन सेकंद."

सहाशे ऐंशी मीटर. चार्वीने गाडीभोवती दुसरं वर्तुळ काढलं. दोन वर्तुळांनी एकमेकांना दोन ठिकाणी कापलं. एक जागा वाटेच्या दक्षिणेला, सपाट गवतात. दुसरी उत्तरेला, जिथे नकाशावरच्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. रेषा चिकटल्या म्हणजे तिथे कडा.

"दक्षिणेलाच असेल," आई घाईने म्हणाली. "तिकडे मेंढ्या बघितल्या होत्या तिने. मी धावते."

"आई, थांब. आबांचा आकडा येऊ दे."

आबांना वेळ लागला. मग त्यांचा धापा टाकणारा आवाज आला. "दीड सेकंद. दोनदा ऐकलं. दीडच."

पाचशे दहा मीटर. चार्वीने तिसरं वर्तुळ काढलं. तिन्ही वर्तुळं एकाच जागी भेटत होती. उत्तरेला.

आईने तिला एकटीला हलायचं नाही असं बजावलं, आणि चार्वीनेही ते ऐकलं. दोघं परतल्यावर आईच्या ओढणीला धरून तिघं होकायंत्राच्या काट्यामागे निघाली. पुढे काठीने जमीन चाचपत आबा. धावायचं नाही, ओरडायचं नाही, दचकून पोर मागे सरली तर? टण्चा उशीर कमी कमी होत गेला. अर्धा सेकंद. पाव. मग मिनिट भरलं आणि त्याच क्षणी टण् वाजला, अगदी कानाशी.

कारवीच्या झुडपाआड लाल स्वेटर दिसला. चार्वी पुढे झाली आणि थांबली. तो स्वेटर गोटूने घातला होता. शेजारच्या दगडामागून दोन डोळे आनंदाने लुकलुकत होते.

"जुई," चार्वी शक्य तितक्या हळू म्हणाली, "दिसलीस."

"श्शी! स्वेटर बघून तू गोटूला जुई म्हणायला हवं होतंस, मग अंडं फुटलं असतं आणि पुन्हा तुझ्यावरच राज्य आलं असतं," जुई फुरंगटली. पुढचं तिला बोलता आलं नाही, कारण आईने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं होतं. आई रडत होती, हसत होती, रागावतही होती. आबा मटकन खाली बसले. चार्वीच्या जिवात जीव आला.

वाऱ्याने धुकं जरा फाटलं. झुडपापासून चार पावलांवर सडा संपत होता.

"गोटू, इथेच का थांबलास?" आबांनी विचारलं.

"उपग्रह दिसेनात. मी कुठे आहे ते मला कळेना," गोटू म्हणाला. "कळत नसेल तर पुढे जाऊ नये, असं तुम्हीच मला शिकवलं आहे."

"शहाणा आहेस," आबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ.

डबा शोधायचं त्या दिवशी कुणी नावही काढलं नाही. गाडीजवळ बसून सगळ्यांनी थंड झालेला चहा प्यायला आणि तो फार गोड लागला. जुईला हळूहळू काय झालं होतं ते समजलं. ती आईला अधिकच चिकटली.

"आबा, आता मला कळलं," चार्वी म्हणाली. "उपग्रहांचंही असंच आहे, फक्त उलटं. इथे टण् करणारा एक आणि ऐकणारी आपण तिघं. तिथे टण् करणारे उपग्रह पुष्कळ आणि ऐकणारं माझं एकच घड्याळ. प्रत्येकाचं एक वर्तुळ."

"आकाशात वर्तुळाऐवजी गोल धरायचा, चेंडूसारखा. आणि तिथे चौथा उपग्रहही लागतो."

"का?"

"आपण घड्याळं आधी जुळवून घेतली होती, म्हणून तिघांत भागलं. तुझं मनगटी घड्याळ उपग्रहाच्या घड्याळाइतकं काटेकोर नसतं, आणि उजेड इतका वेगवान, की सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी तू तीनशे मीटर सरकतेस. ती चूक चौथा पकडतो."

"पण हे चीटिंग आहे," जुई आईच्या ओढणीआडून म्हणाली. "राज्य ताईवर होतं. तुम्ही तिघांनी मिळून शोधलंत."

"एकटीला तू सापडलीच नसतीस," चार्वी म्हणाली. "मला एकटीला फक्त तू किती लांब आहेस ते कळत होतं. कुठे आहेस ते तिघांना मिळून कळलं." मग तिने जुईचा हात हातात घेतला. "आणि मी मघाशी तुला शोधतच नव्हते, जुई. माझं चुकलं."

जुईने यावर थोडा विचार केला आणि उरलेलं बिस्कीट तिला दिलं.

घाट उतरताना उजेड कलला होता. डोंगरावर फिकट चंद्र आला होता. आबा म्हणाले की तिथे आता माणसं राहायला जाणार, पण तिथे हवाच नाही, म्हणजे आवाजही जात नाही. घंटा वाजवून कुणी सापडायचं नाही. तिथे रेडिओचाच टण् हवा, आणि तो करणारी घड्याळं चंद्राभोवती कुणीतरी फिरत ठेवायला हवीत.

जुई अर्धवट झोपेत होती. "ताई, मी चंद्रावर हरवले तर?"

"हरवणार नाहीस," चार्वी म्हणाली. "तू जायच्या आधी ती घड्याळं लावायला मी गेलेली असेन."