शेजारचं माणूस आल्याशिवाय

ही हकीकत मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. नातीने हट्ट धरला, "आजी, तू लिहून दे, मी पाठवते," म्हणून बसले लिहायला. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी म्हणावी. कुणाला घाबरवून या वयात मला काय मिळायचंय?

थंडीचे दिवस होते. डोंगरउतारावरचं जुनं गाव आणि त्याच्या पलीकडचं तळं, अशी एका दिवसाची सहल. सकाळी निघायचं, अंधार पडायच्या आत परतायचं.

जे झालं ते रात्री-बेरात्री नाही झालं. दिवसाउजेडी झालं, भरल्या बससमोर.

आधी थोरलीबद्दल सांगते.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. लोकांसमोर मी तिला "अहो जाऊबाई" म्हणायचे. दोघीच असलो की "अगं." एका ओट्यावर आमचा उभा जन्म गेला. भांडलोही भरपूर. एकदा तर महिनाभर आम्ही मांजराला मध्ये घालून बोलत होतो. ती मांजराला म्हणायची, "सांग तिला, दूध उतू जातंय." मी मांजराला म्हणायचे, "सांग तिला, मला डोळे आहेत."

आमच्या घरात एक सवय पडून गेली होती. सासूबाई आतून विचारायच्या, "दोघी उठल्या का?" आमच्यापैकी जी जागी असेल ती सांगायची, "हो, उठलो." दुसरी तेव्हा पांघरुणात असायची. "दोघी जेवल्या का?" "जेवलो." एकीने दोघींचं उत्तर द्यायचं. पुढे सासूबाई गेल्या, सवय राहिली.

सहलीची हौस थोरलीची. जन्मभर सगळ्यांना घेऊन फिरलो, आता एक दिवस आपण दोघीच जाऊ, म्हणायची. दोन तिकिटं तिनेच काढली. एकमेकींच्या शेजारची.

आणि सहलीच्या आधीच ती गेली.

दवाखान्यात रात्रभर मी तिच्या उशाशी होते. सकाळी सगळे म्हणाले, घरी जा, आंघोळ करून ये. मी गेले. अंगावर पाणी घेत असताना फोन वाजला...

निरोप घ्यायचा राहिला. तेवढाच सल होता. तो माझा मलाच माहीत.

घरचे म्हणाले, तिकिटं परत करू. मी नको म्हटलं. सून म्हणाली, मी येते सोबत. तिलाही नको म्हटलं. थोरलीची जागा मला कुणाला द्यायची नव्हती. मी एकटीच निघाले. शेजारच्या सीटवर माझी पिशवी ठेवली.

आमच्या गाईड म्हणजे पन्नाशीच्या बाई होत्या. हातात पिवळी छत्री, आवाज खणखणीत. बस सुटताच त्यांनी आपली रीत सांगितली. मी डोकी मोजत नाही, म्हणाल्या. डोकी मोजताना माणूस चुकतो. ज्याने त्याने आपल्या शेजारच्याकडे लक्ष ठेवायचं. मी प्रत्येकाला विचारणार, शेजारचं माणूस आलं का? सगळ्यांचं "आलं" ऐकल्याशिवाय बस हलणार नाही.

मागे एक रिटायर्ड स्टेशनमास्तर बायकोसह बसले होते. ते म्हणाले, "आणि शेजारचं माणूस नको असेल तर?" सगळी बस हसली. बायकोने त्यांना कोपर मारलं असावं, कारण त्यांचं हसू अर्धवट थांबलं.

मीही हसले. कितीतरी दिवसांनी.

वाटेत बस चहाला थांबली. सगळे परत चढले आणि गाईडबाई तिकिटांची यादी बघत, विचारत विचारत माझ्यापाशी आल्या.

"शेजारच्या बाई आल्या का?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आल्या."

जन्माची सवय हो. दुसरं काही नाही.

त्यांनी मान हलवली आणि त्या पुढे गेल्या. आपण हे काय बोललो, ते माझ्या नंतर लक्षात आलं. आता उठून "चुकलं, त्या वारल्यात" असं कसं सांगायचं? गप्प बसले. एका शब्दाने कुणाचं काय बिघडणार होतं?

डोंगरावरच्या त्या गावात सगळ्या वाटा म्हणजे दगडी पायऱ्या. झिजून मध्ये खोलगट झालेल्या. दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर अरुंद खिडक्या. गाईडबाई जुना तुरुंग दाखवत होत्या, घड्याळाचा बुरूज दाखवत होत्या. चढता चढता त्या थांबल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागल्या.

"थांबू या जरा. तुमच्या सोबतच्या बाईंना दम लागलाय."

मी मागे पाहिलं...

पायऱ्या रिकाम्या होत्या. अगदी खालच्या वळणापर्यंत.

"कोण बाई?" मी विचारलं.

"निळ्या शालीतल्या. तुमच्या शेजारच्या."

थोरलीची निळी शाल होती. तिच्याबरोबरच गेली ती.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला पाहिलं असेल यांनी. निळ्या शाली काय, कुणाकडेही असतात.

बुरुजाखाली एक चहाचं दुकान होतं. मी बाकावर टेकले. दुकानदाराने माझ्यासमोर दोन कप ठेवले. मी म्हटलं, एकच सांगितला होता. तो म्हणाला, दुसरा त्या बाईंचा, त्यांनी दोन चमचे साखर जास्त घालायला सांगितलीय.

थोरली तसाच प्यायची. मी म्हणायचे, हा चहा आहे की पाक?

"कुठे आहेत त्या?" मी विचारलं.

"आत्ता इथेच तर होत्या. कुणाला तरी शोधत होत्या."

मी त्या कपापाशी बसून राहिले. सगळे हाका मारायला लागले तरी उठवेना. कपातला चहा तसाच होता. वर साय धरली होती.

बसमध्ये परत तोच प्रश्न. "शेजारच्या बाई आल्या का?"

या वेळी सवय नव्हती. या वेळी मी समजून उमजून म्हटलं, "आल्या."

पिशवी उचलून मांडीवर घेतली. सीट मोकळी केली. बस सुरू झाल्यावर हळूच तिच्यावरून हात फिरवला...

गार रेक्झिन. बाकी काही नाही.

तरी मला भीती वाटली नाही. खरं सांगते, आनंद झाला होता. ती आली होती. मला दिसत नव्हती, पण आली होती. आता निरोप घ्यायचा राहणार नव्हता.

तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. इतकं शांत तळं मी कधी पाहिलं नाही. इंजिनाच्या होड्या तिथे चालत नाहीत, फक्त वल्ह्याच्या. गाईडबाईंनी सगळ्यांना हळू बोलायला सांगितलं. सांगायची गरजच नव्हती. पाणी पाहून आपोआप आवाज खाली येत होता. पक्षीसुद्धा ओरडत नव्हते.

नावाड्याने मला हात धरून होडीत घेतलं. मी मधोमध बसायला गेले तर म्हणाला, "मावशी, या टोकाला बसा. त्या बाई त्या टोकाला बसल्यात. तोल राहायला हवा."

मी टोकाला बसले. समोरची फळी रिकामी होती.

मी अंगाने जड आहे. होडी माझ्या बाजूला कलायला हवी होती...

होडी सरळ होती. अगदी सरळ.

मग माझा धीर सुटला. नावाडी काय म्हणेल, त्याची पर्वा केली नाही. त्या रिकाम्या फळीकडे बघून मी बोलत सुटले. म्हटलं, अगं, मी आंघोळीला गेले होते गं. लगेच येणार होते. म्हटलं, तुझ्या मसाल्याच्या डब्यातली लवंग संपली आणि मी पुन्हा भरली नाही, कारण तो डबा उघडला की तू आठवतेस. म्हटलं, आता सकाळी ओट्याशी मी एकटीच असते आणि भांडायला कुणी नाही. एकदा बोल की.

नावाडी वल्ही मारत होता. तळ्याच्या मध्यावर आलो तेव्हा तो दबक्या आवाजात म्हणाला, "भांडण झालंय का तुमचं?"

"का?"

"तुम्ही इतकं बोलताय आणि त्यांचं लक्षच नाही. नुसत्या पाण्याकडे बघतायत. मला दोनदा विचारलं, माझी धाकटी मागच्या होडीत आहे का?"

धाकटी म्हणजे मी. ती मला कधी नावाने हाक मारत नसे.

त्या वेळी मला त्याच्या बोलण्याचा अर्थ नीट लागला नाही. रडत होते मी.

परतायची वेळ झाली. सगळे बसमध्ये चढले. दिवे लावावेत की नाही, इतपतच अंधारलं होतं. गाईडबाई माझ्यापाशी आल्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "आल्या."

त्यांनी शेजारच्या सीटकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"नाही आल्या हो. त्या बघा, काठावर उभ्या आहेत. थांबा, घेऊन येते."

त्या छत्री घेऊन उतरल्या. काठापर्यंत गेल्या. मला त्या एकट्याच दिसत होत्या. मान हलवत होत्या, हाताने बसकडे दाखवत होत्या, मध्येच गप्प राहून ऐकत होत्या...

परत आल्या तेव्हा त्यांचा तो खणखणीत आवाज राहिला नव्हता.

"त्या चढायला तयार नाहीत. म्हणतात, माझी जाऊ अजून आली नाही. शेजारचं माणूस आल्याशिवाय मी कशी बसू?"

मी म्हटलं, "मी इथे आहे म्हणून सांगा की त्यांना."

"सांगितलं. खिडकी दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं." गाईडबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणाल्या, ती खिडकी तर रिकामी आहे."

मी उठले. पिशवी खाली पडली ती तशीच टाकली. काठाकडे धावले म्हणायला हवं, पण माझे गुडघे धावू देतात कुठे? कशीबशी पोचले.

काठावर कुणी नव्हतं. ओली वाळू, पाणी आणि पलीकडचा डोंगर.

मी हाक मारली, "जाऊबाई!"

मग वाटलं, आत्ता कोण आहे ऐकायला. "अगं, मी आलेय. इकडे बघ ना."

पाणी हललं नाही.

मागे बसच्या खिडक्यांना सगळे चिकटले होते. स्टेशनमास्तरांनी काच सरकवली. सकाळपासून थट्टा करणारा तो माणूस, त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"बाई, त्या तुमच्या समोरच आहेत हो. हात पुढे करा. अगदी समोर."

मी हात पुढे केला.

"त्यांनीही केलाय," ते म्हणाले.

माझ्या हाताला नुसता वारा लागला. थंड. तळ्यावरचा.

किती वेळ तशी उभी होते, माहीत नाही. शेवटी गाईडबाईंनी मला धरून बसमध्ये आणलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ती माझी जाऊ, ती गेलीय, तिच्या शाल पांघरलेल्या देहाला मी हात जोडलेत. ड्रायव्हरने आरसा वळवून टाकला.

"चला," मी म्हणाले.

पहिल्यांदाच सगळ्यांचं "आलं" ऐकल्याशिवाय ती बस निघाली.

दुसऱ्या वर्षी थंडीत गाईडबाईंचा फोन आला. आवाजावरून ओळखलं मी. कशा आहात वगैरे विचारून झालं. मग म्हणाल्या, "सांगू की नको, कळत नव्हतं. त्या अजून तिथेच आहेत. प्रत्येक बसपाशी येऊन विचारतात."

पुन्हा गेले नाही मी. जाऊन काय करू? ती समोर असेल आणि मी हवेत हात फिरवत बसेन. तीही तेच करेल.

सून म्हणते, "सासूबाई, तुमच्या मनाचे खेळ आहेत." असतील. पण स्टेशनमास्तरांचं मन माझ्या मनाशी कशाला खेळेल? आणि सुनेला जाऊ नाही. तिला हे कळायचं नाही.

थोरली जिथे होती तिथे सुखाने होती. मी "आल्या" म्हटलं, म्हणून ती आली.

आज मी तिच्याहून वयाने मोठी आहे. आता मरणाचं भय वाटत नाही. रात्री झोप उडते ती वेगळ्याच विचाराने. मी मेल्यावर कुठे जाईन, हे माझ्या हातात थोडंच आहे? भलतीकडेच गेले तर...

तिला कोण सांगणार, की थांबू नकोस म्हणून?