निरोगी रुईची तपासणी

सेलूच्या गुरांच्या दवाखान्यासमोर बाजाराच्या दिवशी बैलांची रांग लागायची. त्या दिवशी दोन धिप्पाड बैलांच्या मध्ये एक तरुणी उभी होती... छातीशी झाकलेली टोपली धरून.

तिची पाळी आली, तेव्हा जबलपूरहून नुकताच शिकून आलेला डॉक्टर नरहर हात पुसत म्हणाला, "काय झालं जनावराला?"

"काही नाही."

"मग आणलंत काऊन?"

"काही झालं नाही ना, हेच पाहायला."

रांगेतले शेतकरी हसले. दवाखान्यातला म्हातारा नोकर तानबा म्हणाला, "बाई, इथं लंगडी-लुळी येतात. धडधाकट जनावराले घरी चारा घाला!"

तिनं शांतपणे फडकं बाजूला केलं. आत पांढरंशुभ्र, बिनशेपटीचं, गुबगुबीत जनावर होतं. त्याचे कान कण्हेरीच्या पाकळ्यांसारखे.

"गिनीपिग आहे. नागपूरच्या मामांनी जोडी दिली. मी कोकिळा, मुलींच्या शाळेत शिकवते. वर्गातल्या पोरींनी हिचं नाव रुई ठेवलंय, कापसासारखी पांढरी म्हणून. त्यांचा फार जीव आहे हो हिच्यावर. आजारी पडल्यावर धावण्यापेक्षा..."

गरज नाही, घरी न्या — असं नरहर म्हणणारच होता. पण सवयीनं त्यानं गळ्यातली तपासायची नळी रुईच्या छातीला लावली, आणि तो तसाच थांबला.

बैलाचं काळीज त्याच्या ओळखीचं होतं. संथ, जड, उखळात मुसळ पडावं तसं. हे मात्र पिंजाऱ्याच्या धनुकलीच्या तारेसारखं थरथरत होतं. इवल्याशा छातीत एवढी घाई!

"ऐका," तो म्हणाला. त्यानं नळी तिच्या कानांना लावली.

कोकिळेचे डोळे विस्फारले. "बाई गं... हे सारखं असंच चालू असतं?"

"सारखं. आपण झोपतो तेव्हासुद्धा."

मग त्यानं रुईचे दात दाखवले. "हे जन्मभर वाढतात. गवत चावून झिजले तर ठीक. नाहीतर इतके वाढतात, की खाणंच बंद होतं. आणि ही सांगणार नाही बरं का! दुबळं जनावर आहे. दुखणं दिसलं तर शिकारी आधी हिलाच धरेल, म्हणून लपवतं."

"मग कळायचं कसं?"

"जवळून पाहत राहिलं की कळतं," तो म्हणाला. बोलताना तो रुईकडे पाहत नव्हता. हे लक्षात येताच घाईनं म्हणाला, "पुढच्या महिन्यात पुन्हा आणा."

ती आणत राहिली. शेजारच्या किराणा दुकानातल्या तराजूत रुईचं वजन व्हायचं. ते वाढत गेलं, आणि एका दिवशी नरहर हळूच म्हणाला, "हिच्या पोटात पिल्लं आहेत. हिरवा सांभार, म्हणजे कोथिंबीर, द्या भरपूर. पेरूही द्या."

"आणि डॉक्टरांना काय देऊ?"

"पेरू चालेल," तो म्हणाला. पुढच्या वेळी टोपलीत खरंच एक पेरू होता.

शेतात पऱ्हाटीची बोंडं फुटून कापूस दिसू लागला होता, तेव्हा कोकिळा टोपली घेऊन जवळजवळ धावतच आली. "पाहा... पहाटे झालीत!"

आत दोन पिल्लं उभी होती. अंगभर केस, तोंडात दात, आणि डोळे टक्क उघडे! एक तर सांभाराची काडी चघळत होतं.

सगळे भोवती जमले. बैल घेऊन आलेल्या महादेवरावांनी जन्मात किती वासरं पाहिली असतील. पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मांजरीचं पिल्लू किती दिवस आंधळं राह्यते... अन् हे पाहा! आल्या आल्या जग पाहून राह्यलं."

नरहर आणि कोकिळा एकाच टोपलीवर वाकले होते, आणि तिच्या वेणीचं टोक त्याच्या मनगटावर विसावलं होतं. त्यानं हात हलवला नाही.

"डॉक्टर!"

दारात कोकिळेचे वडील, पुंडलिकराव, उभे होते. बाजारात कोणी लेकीबद्दल काय म्हटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"एकच विचारतो. खरं सांगा. निरोग्या जनावराले डॉक्टरकडे आणा लागते?"

तानबाच्या हातातली बादली तशीच राहिली. हो, दर महिन्याला लागतं, एवढं म्हटलं असतं तर ती येत राहिली असती. नाही म्हटलं असतं, तर आजचं येणं शेवटचं. नरहरनं टोपलीत पाहिलं. त्या उघड्या डोळ्यांसमोर त्याला खोटं बोलवेना.

"आणावं लागतं, काका. ही दुखणं लपवतात, म्हणून बरी दिसली तरी दाखवावी. पण... वर्षातून एकदा पुरे. बाकी वजन, दात, खाणंपिणं घरी पाहता येतं. बाईंना आता सगळं येतं."

"मग ही दर महिन्याले काऊन येते?"

नरहरनं मान खाली घातली. "पुन्हा आणा, असं मीच म्हणालो होतो. चूक माझी—"

"नाही, बाबा." कोकिळा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "रुईसाठी एकदाच लागत होतं, हे मला ठाऊक होतं. बाकीच्या वेळा... मी माझ्यासाठी आले."

एक बैल फुरफुरला. पुंडलिकराव लेकीकडे पाहत राहिले. जणू तिलाही आजच पहिल्यांदा पाहत होते. मग ते खाली बसले, आणि एक पिल्लू त्यांनी तळहातावर घेतलं.

"खरं बोलला, डॉक्टर," ते म्हणाले. "रविवारी घरी येजा. हिची आई पण पाहीन म्हणते हे जनावर. कोकिळा, अशी बाजाराच्या गर्दीत पिल्लं नको आणत जाऊ."

ते गेल्यावर नरहर गडबडीनं दुसरं पिल्लू तपासू लागला. नळी छातीला लावली, डोळे मिटले.

"काय ऐकू येतंय?" कोकिळेनं विचारलं.

"फार जोरात चाललंय... फारच जोरात."

"डॉक्टर," ती हसू दाबत म्हणाली, "नळी कानात घालायची राहिलीय."